सिगार बॉक्स गिटार: पेटी लांबीने घ्यावी की रुंदीने?

प्रश्न असा आला आहे: २३० मिमी लांब, १६५ मिमी रुंद आणि ५० मिमी खोल अशी लाकडी सिगारची पेटी हाताशी आहे. झाकणाला मागे दोन बिजागऱ्या आहेत, पुढे मधोमध छोटी पितळी कडी आहे. तीन तारांची पहिलीच गिटार करायची आहे. नेकची (डाव्या हातात धरायच्या दांड्याची) पट्टी पेटीच्या लांबीने आरपार घालावी की रुंदीने? झाकण वर ठेवावं की पेटी उलटी करून तळ वर घ्यावा?

माझं उत्तर आधी सांगतो. पट्टी लांबीने घाला, झाकण वर ठेवा, बिजागऱ्या हनुवटीकडे येऊ द्या आणि कडी काढून टाका. आता कारणं जरा सविस्तर सांगतो, कारण तुमची पुढची पेटी या मापाची नसणार आणि तेव्हा हे उत्तर बदलू शकतं.

बहुतेकांना वाटतं की पेटी फिरवली की आवाज बदलतो, म्हणून ते आवाजापासून विचार सुरू करतात. पण पेटीतली हवा तेवढीच राहते. तुमच्या पेटीत बाहेरच्या मापाने साधारण १.९ लिटर जागा आहे. झाकणाला २५ मिमी व्यासाचं एक भोक पाडलंत तर त्या हवेची स्वतःची घुमण्याची वारंवारता गणिताने १७५ हर्ट्झच्या आसपास येते. २० मिमीची दोन भोकं पाडलीत तर २१५-२२० च्या आसपास. जी-डी-जी या पाश्चात्य स्वरांत लावलेल्या तीन तारांमध्ये सर्वांत खालचा जी ९८ हर्ट्झचा, मधला डी १४७ चा आणि वरचा जी १९६ चा. म्हणजे वरच्या जीला पेटी मनापासून साथ देईल आणि खालच्या जीचा मूळ स्वर पेटीतून कधीच भरून येणार नाही, तुम्ही ती कशीही धरा. आपल्याला तो स्वर ऐकू येतो तो बराचसा त्याच्या वरच्या स्वरांशांमुळे. हे आधी कळलं की पेटी फिरवून खर्ज मिळेल ही आशा सुटते आणि लक्ष योग्य ठिकाणी जातं.

झाकणही तेच राहतं. पेटी फिरवल्यावर खरोखर दोनच गोष्टी बदलतात: घोडी (झाकणावरचा, तारा टेकवणारा तुकडा) झाकणाच्या कुठल्या जागेवर बसते, आणि पट्टी कुठल्या भिंतींमधून जाते. सगळा निर्णय या दोन गोष्टींवर आहे.

घोडीचं आधी बघू. झाकण चारही कडांना धरलेलं असतं. कडेजवळ ते ताठ असतं, मध्याकडे मऊ होत जातं. घोडी कडेला लागून बसवली तर आवाज बारीक, टणक आणि झटकन विरणारा येतो, बँजोच्या अंगाने जाणारा. मध्याकडे सरकवली तर आवाज मोठा आणि गोल होतो, पण झाकण पातळ असेल तर ते दबायलाही लागतं. मी मागच्या, म्हणजे नेकच्या विरुद्ध बाजूच्या, कडेपासून पाव ते एक तृतीयांश अंतरावर घोडी ठेवतो. तुमच्या पेटीत लांबीने घेतली तर ही जागा कडेपासून ६० ते ७५ मिमीवर येते, रुंदीने घेतली तर ४० ते ५५ मिमीवर. प्रमाण सारखंच असलं तरी रुंदीच्या वेळी घोडी कडेच्या वीसेक मिमी जवळ जाते, आणि पातळ झाकणात तेवढा फरक कानाला कळतो. रुंदीने घेऊन घोडी पार मध्यावर नेता येते, पण मग घोडी आणि नेक यांच्या मधे झाकणाची ऐंशी-पंच्याऐंशी मिमीच जागा उरते. तिथेच उजवा हात आणि तिथेच ध्वनिरंध्रं, अशी गर्दी होते.

घोडीची जागा ठरली की नेकचा हिशेब आपोआप ठरतो. स्केल, म्हणजे नटपासून (नेकच्या वरच्या टोकाशी तारा टेकतात ती पट्टी) घोडीपर्यंतचं अंतर, ६४८ मिमी धरा. साडेपंचवीस इंच, पुष्कळ गिटारचं असतं तेवढं. पेटी लांबीने आणि घोडी मागून ६५ मिमीवर असेल तर पेटीचे १६५ मिमी स्केलमध्ये खर्च होतात आणि नेक ४८३ मिमी मोकळा राहतो. एवढ्यात २३ फ्रेट (स्वरांच्या जागा दाखवणाऱ्या आडव्या तारा) बसतात. रुंदीने घेऊन घोडी ५० मिमीवर ठेवली तर नेक ५३३ मिमी मोकळा राहतो आणि हिशेबाने २९ फ्रेट बसतात. एवढे फ्रेट कुणालाच लागत नाहीत. तीन तारांवर मी स्वतः बाराव्याच्या पुढे क्वचित जातो आणि पंधराव्याच्या पुढे फक्त स्लाइडने, म्हणजे तारांवरून सरकवायच्या नळीने. तेव्हा रुंदीने घेतल्यावर मिळणारा हा जास्तीचा नेक वाया जातो, वर तो वजन घेऊन येतो.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. रुंदीने घेतल्यावर गिटार लांब होते असं म्हणतात, ते खरं नाही. एकूण लांबी म्हणजे स्केल, डोक्याकडचा भाग आणि घोडीमागचा भाग यांची बेरीज, आणि ती दोन्ही वेळा जवळजवळ तेवढीच राहते. बदलतो तो तोल. पेटीच्या कडेपुढे नेकची जास्त लांबी अधांतरी राहते आणि मांडीवर टेकायला पेटीचा कमी भाग मिळतो. मग डावा हात सोडला की डोकं खाली झुकतं. मेपलची पट्टी आणि त्यावर धातूचे तीन ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या) असतील तर हे झुकणं फार जाणवतं, आणि नवशिक्याचा डावा हात स्वर धरण्याऐवजी नेक उचलून धरण्यातच दमतो.

रुंदीच्या बाजूने एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. रुंदीने घेतल्यावर मांडीवर पेटीची उंची २३० मिमी होते, त्यामुळे तारा मांडीपासून ११५ मिमीवर येतात. लांबीने घेतल्यावर त्या ८२ मिमीवरच असतात. उंच माणसाला, किंवा नेहमीची मोठी गिटार वाजवणाऱ्याला, हे तीन सेंटिमीटर हवेहवेसे वाटतात. उजवं कोपर टेकायलाही जागा मिळते. लांबीने घेतलेली छोटी पेटी मांडीवरून घसरते, हेही खरं. त्यावर माझा उपाय म्हणजे बसून वाजवतानाही पट्टा लावायचा, किंवा खालच्या कडेला पातळ चामड्याची पट्टी चिकटवायची.

आता पट्टी आणि भिंती. माझ्या मते इथेच सगळ्यात जास्त पेट्या बिघडतात.

पट्टी १९ मिमी जाड आणि ३८ मिमी रुंद धरा. नेकचा वरचा पृष्ठभाग झाकणाच्या वरच्या पृष्ठभागाशी एका पातळीत यायला हवा, म्हणून पेटीच्या आत जाणारा पट्टीचा भाग झाकणाच्या जाडीइतका खाली तासावा लागतो. झाकण ४ मिमीचं असेल तर टोकांशी ४ मिमी तासायचं, आणि मधल्या भागात आणखी ३ मिमी, म्हणजे झाकण पट्टीला न टेकता मोकळं हलेल. हे जास्तीचे ३ मिमी बरेच जण सोडून देतात आणि मग पेटी मुकी का वाटते ते शोधत बसतात. पण त्याची किंमत अशी की १९ ची पट्टी मधे १२ मिमीची राहते. ताठपणा जाडीच्या घनाने बदलतो, म्हणजे त्या भागात पट्टी मूळच्या साधारण चतुर्थांश ताठ उरते. तीन तारांचा एकूण ताण तारांच्या जाडीप्रमाणे २५ ते ४० किलोच्या घरात असतो. लांबीने घेतलं तर हा अशक्त भाग २०० मिमीच्या पुढे जातो, रुंदीने घेतलं तर १५० मिमीच्या आत राहतो. म्हणून पट्टी मऊ लाकडाची असेल आणि पेटी लांबीने घ्यायची असेल, तर आतल्या भागाला खालून त्याच लाकडाची १० मिमीची दुसरी पट्टी गोंदाने चिकटवा. ओक किंवा मेपल असेल तर तुमच्या मापाला गरज नाही. ३०० मिमीची पेटी असती तर मी त्यालाही लावली असती.

उलट बाजूही आहे. लांबीने घेतल्यावर पट्टी दोन भिंतींना एकमेकींपासून २३० मिमीवर धरलेली असते, रुंदीने घेतल्यावर १६५ मिमीवर. धरण्याच्या दोन जागांमधलं अंतर जितकं जास्त तितका नेक स्थिर. नेक दोन्ही बाजूंना किंचित हलवून पाहा, आखूड पकडीतलं डुगडुगणं हाताला लगेच कळतं.

लाकडाच्या रेषांबद्दल नेहमी विचारतात. चांगल्या गिटारच्या साउंडबोर्डवर (वरच्या पाटावर) रेषा तारांच्या दिशेने असतात, कारण तिथे ब्रिज, म्हणजे घोडी, चिकटवलेला असतो आणि तारांचा सगळा ओढा तो पाटावर टाकतो. आपल्याकडे तारा पट्टीच्या मागच्या टोकाला अडकवलेल्या असतात. ओढा पट्टी सोसते, घोडी झाकणाला फक्त खाली दाबते. तारा घोडीवरून साधारण १० अंशात वळत असतील तर ३० किलो ताणातले पाचेक किलोच खाली येतात. म्हणून रेषा आडव्या आल्या तरी झाकण दुमडत नाही. झाकण प्लायवुडचं असेल तर हा विचार सोडूनच द्या.

बिजागऱ्या आणि कडी यांचं गणित समजण्यासाठी पेटी मुळात कशी बनते ते बघा. सिगार पेटीत पुढून मागे अशा आडव्या ठेवतात, शेजारी शेजारी. त्यामुळे पेटीची आतली रुंदी सिगारच्या लांबीवरून ठरते आणि लांबी एका रांगेत किती सिगार त्यावरून. तुमच्या पेटीच्या भिंती ६ मिमीच्या असतील तर आत १५३ मिमी उरतात, म्हणजे ही ६ इंची सिगारची पेटी. झाकण पुढून उचललं जावं म्हणून कडी पुढच्या लांब भिंतीच्या मधोमध असते आणि बिजागऱ्या मागच्या लांब भिंतीवर. रुंदीने पट्टी घालायची म्हटली की ती नेमकी याच दोन भिंतींच्या मध्यातून जाते. कडी तर वाटेत असतेच. बिजागऱ्यांच्या मधे ३८ मिमी आणि दोन्हीकडे थोडी मोकळी जागा आहे का, हे मोजावं लागतं. दोन बिजागऱ्यांऐवजी सलग लांब पट्टीची बिजागरी असेल तर ती कापावीच लागते. लांबीने घेतलं तर पट्टी आखूड भिंतींमधून जाते, आणि तिथे काहीच बसवलेलं नसतं.

माझ्या सुरुवातीच्या एका गिटारमध्ये मधल्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला बारीक चर्रचर्र येत होती. फ्रेट कानसले, घोडी बदलली, नट पुन्हा कापला, तार नवी घातली. दोन संध्याकाळी गेल्या. मग सहज धरताना अंगठा बिजागरीवर पडला आणि चर्रचर्र थांबली. अंगठा उचलला की परत सुरू. बिजागरीतली खिळ तिच्या नळीत सैल होती आणि तो एकच स्वर तिला नेमका हलवत होता. खिळीवर पातळ गोंदाचा एक थेंब सोडला, रात्रभर वाळू दिला, आणि तो आवाज पुन्हा आला नाही. तेव्हापासून मी कुठल्याही पेटीवर काम सुरू करायच्या आधी ती कानाजवळ धरून बोटाने टकटक करतो आणि काय काय वाजतंय ते ऐकतो. कडी तर काढूनच टाकतो.

बिजागऱ्या हनुवटीकडे घ्या म्हटलं, त्याचं कारण चित्र. पेटी समोर ठेवली की झाकणावरची अक्षरं सुलट दिसतात तेव्हा बिजागऱ्या पलीकडे, म्हणजे अक्षरांच्या वरच्या बाजूला असतात. लांबीने घातलेली गिटार हातात धरली की बिजागऱ्या वर आल्या तरच समोरच्याला अक्षरं सुलट दिसतात. यात अडचणी दोन: कडी मांडीला टोचते, आणि झाकण उघडायची बाजू खाली येते. कडी काढली आणि झाकण पुढच्या भिंतीला दोन छोट्या स्क्रूंनी बसवलं की दोन्ही प्रश्न संपतात. आत पिकअप (आवाज अँप्लिफायरला पोचवणारा विद्युत भाग) बसवलात तर पुढे कधीतरी उघडावं लागेल, म्हणून मी तिथे गोंद लावत नाही. पिकअप नसेल तर चारही कडा गोंदाने बंद करा, झाकण जास्त मोकळं वाजतं आणि फटीतून हवा निसटत नाही.

आता पेटी उलटी करण्याबद्दल. तळ वर घेण्याचं आकर्षण मला समजतं. तळ चारही बाजूंनी कारखान्यातच पक्का बसवलेला असतो, त्यामुळे झणझणण्यासारखं काही नसतं, आणि झाकण पाठीला येऊन आत हात घालायला छान दार होतं. काही पेट्यांमध्ये झाकण जाड आणि तळ पातळ असतो, तिथे आवाजही सरस येतो. पण पहिल्या गिटारला मी हे सुचवणार नाही. झाकण वर असताना भिंतीत वरून उघडी खाच करायची असते: करवतीने दोन काप, पटाशीने मधला तुकडा काढायचा, ३८ मिमी रुंद आणि १५ मिमी खोल. पट्टी वरून ठेवून बघता येते, जरा घट्ट असेल तर कानस मारता येते. तळ वर असेल तर तीच खाच चारही बाजूंनी बंद चौकोनी भोक होते. ते ड्रिल आणि कानशीने आतून-बाहेरून जुळवत करावं लागतं. शिवाय पट्टी टोकाकडून आत सरकवावी लागते, म्हणजे मागे बाहेर येणारा भाग पूर्ण १९ मिमी जाड ठेवता येत नाही, तो १५ मिमीच्या भोकातून जाणारच नाही. पट्टी सगळी तासून झाल्यावर हे लक्षात आलं तर ती फुकट जाते.

रुंदीने मी कधी घेतो? पेटी चांगली लांब असेल आणि स्केल आखूड ठेवायचं असेल तेव्हा. समजा पेटी ३०० मिमीची आहे आणि स्केल ५८४ मिमी, म्हणजे २३ इंच. लांबीने, घोडी ८० मिमीवर ठेवून, नेक ३६४ मिमीच मोकळा राहतो आणि १६ फ्रेटच बाहेर येतात. पुढचे फ्रेट पेटीवर चढतात आणि बोटांना भिंत लागते. सोळाव्याच्या पुढे बोटांनी वाजवायचं असेल तर तिथे रुंदीने घेणं शहाणपणाचं. झाकण जाड आणि बथ्थड असेल तेव्हाही मी रुंदीचा विचार करतो, पट्टीच्या दोन्ही अंगांना झाकणाचे रुंद मोकळे भाग मिळतात म्हणून. तुमच्या पेटीत हे भाग लांबीने घेतल्यावर ६३ मिमीचे, रुंदीने घेतल्यावर ९६ मिमीचे. पट्टीच्या वर ३ मिमीची मोकळी जागा नीट ठेवली असेल तर मात्र या फरकाला फारसा अर्थ राहत नाही. चौरस पेटीत सगळा निर्णय बिजागऱ्यांवर सोडा.

कापायच्या आधी एक तासभर काढा. झाकण बंद करून पट्टी झाकणावरच नुसती ठेवा आणि कागदी चिकटपट्टीने पक्की करा, आधी लांबीने. नट आणि घोडीच्या जागी पेन्सिलीच्या खुणा करा. ट्यूनरही डोक्याकडे चिकटपट्टीनेच बांधा, त्यांच्या वजनाशिवाय तोल कळत नाही. नेहमी बसता त्या खुर्चीवर बसा, डावा हात पहिल्या, पाचव्या, बाराव्या फ्रेटच्या जागी नेऊन बघा, मग हात सोडून बघा. हेच रुंदीने करा. मग पट्टी काढून झाकणावर आवाजाची जागा शोधा: ट्यूनिंग फोर्क गुडघ्यावर मारून त्याचा दांडा झाकणावर मधल्या रेषेत मागच्या कडेपासून पुढे पुढे टेकवत न्या. जिथे आवाज एकदम फुलतो तिथे पेन्सिलीने फुली मारा. घोडीची खूण आणि फुली यांच्यात बोटभर फरक असेल तर घोडी फुलीकडे सरकवा आणि तेवढंच नटचं माप सरकवा. फरक चार बोटांचा असेल तर दुसरी दिशा घेऊन तीच तपासणी करा.

दोन्ही दिशांना सगळं सारखंच वाटलं, तर गिटार वाजून झाल्यावर कुठे राहणार ते बघा. लांबीने केलेल्या पेटीवरचं चित्र हातात असताना सुलट दिसतं. रुंदीने करून बिजागऱ्या नेककडे ठेवल्या तर ते भिंतीवर टांगल्यावर सुलट दिसतं.